ॲटलस ओपन डेटा: कोल्हापुरात बसून टॉप क्वार्क बघायचा असेल तर हे वाचा

फिजिक्स शिकणारे, शिकवणारे आणि नुसतीच आवड असलेले, सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू आहे. टॉप क्वार्क म्हणजे आजवर सापडलेला सगळ्यात जड मूलकण. आधीच सांगून टाकतो, मी पाचपैकी साडेचार देणार, अर्धा का कापला ते पुढं येईलच. जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटरच्या बोगद्यात सर्न या युरोपातल्या कणांच्या प्रयोगशाळेची एलएचसी मशीन आहे, प्रोटॉन जोरात पळवून एकमेकांवर आपटणारी, तिच्यावर ॲटलस नावाचा डिटेक्टर आहे, आणि त्या लोकांनी आपला डेटा सगळ्या जगासाठी उघडा करून ठेवलाय. खरा डेटा बरं का, पोरांना खेळायला म्हणून बनवलेला नाही. २०१६ साली १३ टीईव्ही एनर्जीला प्रोटॉनवर प्रोटॉन आपटले त्याच्या नोंदी आहेत. २०२० मध्ये त्यांनी शिक्षणासाठी म्हणून १० इन्व्हर्स फेम्टोबार्नचा सेट बाहेर काढला, मी तोच वापरतोय. पैसे शून्य, लॉगिन नाही, लायसन सीसी झीरो, म्हणजे घ्या आणि काय पायजे ते करा, कुणाला विचारायची गरज नाही. इन्व्हर्स फेम्टोबार्न हे युनिट ऐकून घाबरू नका, एक इन्व्हर्स फेम्टोबार्न म्हणजे ढोबळमानानं ८० लाख कोटी टकरी, त्याच्या दहापट धरा. त्यातल्या बहुतेक टकरी डिटेक्टरमधली ट्रिगर सिस्टीम जागच्या जागी टाकून देते, कामाच्या तेवढ्या ठेवते, आणि त्यातनं निवडलेल्या आपल्या हातात येतात.

मी इथं कॉलेजला फिजिक्स शिकवतो. टीवायला पार्टिकल फिजिक्स म्हणजे एक तक्ता असतो, सहा क्वार्क, सहा लेप्टॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याची भावंडं), चार्ज लिहा, स्पिन लिहा, मास लिहा, झालं. त्या तक्त्यात अप क्वार्कच्या खान्यात ०.००२ जीईव्ही (कणांचं मास आणि एनर्जी मोजायचं युनिट, हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही), डाऊनच्या ०.००५, आणि टॉपच्या खान्यात एकदम १७३. दरवर्षी वर्गातनं एक तरी आवाज येतोच, सर हा एकटाच एवढा जड कसा? याचं उत्तर त्या तक्त्यात नाही, आणि पूर्ण उत्तर तर अजून जगात कुणाकडंच नाही. पण प्रश्न नेमका काय आहे ते तरी पोरांना नीट कळावं, नुसतं पाठ करून पेपरात लिहून मोकळं होऊ नये, एवढ्यासाठी मी ही सर्व्हिस घेतली. आणि खरं सांगतो, या विषयासाठी याच्यापेक्षा चांगली गोष्ट मला कुठल्याही किमतीला मिळाली नसती.

आता थोडी थिअरी, कारण ती नसेल तर ग्राफ बघून काहीच कळणार नाही. हिदेकी युकावा हे जपानचे, १९३५ साली त्यांनी अणूच्या केंद्रकातला जोर एका नव्या कणाच्या देवाणघेवाणीनं समजावला, १९४९ ला नोबेल मिळालं, जपानचं पहिलं. त्यांच्या समीकरणात जी जोडणी होती, एक फील्ड आणि त्याला चिकटलेले दोन फर्मिऑन, म्हणजे पदार्थाचे कण, तसल्याच जोडणीची टर्म स्टँडर्ड मॉडेलमध्ये, म्हणजे कणांच्या आजच्या मान्य थिअरीत, हिग्ज फील्ड (कणांना मास देणारं, सगळीकडं पसरलेलं फील्ड, त्याचाच कण तो हिग्ज) आणि क्वार्क-लेप्टॉन यांच्यात येते, म्हणून तिला युकावा कपलिंग म्हणतात. प्रत्येक कणाला स्वतःचा एक आकडा. हिग्ज फील्डची रिकाम्या जागेतली किंमत २४६ जीईव्ही, तिला रूट दोननं भागा, कणाच्या आकड्यानं गुणा, की त्या कणाचं मास आलं. एवढंच गणित आहे, अकरावीच्या पोराला जमेल. मी फळ्यावर उलटं करायला लावतो, मास घ्या आणि आकडा काढा. इलेक्ट्रॉनला येतो ०.०००००३, बॉटम क्वार्कला साधारण ०.०२४, आणि टॉपला १७२.५ गुणिले १.४१४ भागिले २४६, उत्तर ०.९९. जवळजवळ एक! हा आकडा फळ्यावर आला की वर्ग शांत होतो, दरवेळी होतो. बाकी सगळे कुठल्या कुठं शून्याच्या शेजारी आणि हा एकटा एकला टेकलेला. इलेक्ट्रॉनच्या साडेतीन लाखपट म्हणा ना. थिअरी एवढंच सांगते की असा आकडा असतो, कितीचा असावा यावर तिच्याकडं एक शब्द नाही, तो मोजूनच घालावा लागतो.

पण इथं एक घोळ आहे आणि तो या रिव्ह्यूचा गाभा आहे. आपण आत्ता जे ०.९९ काढलं ते मासवरनं काढलं. मास हिग्जमुळंच येतं असं आधी गृहीत धरलं आणि मग हिग्जबरोबरची जोडणी काढली, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी मानलं. खरी परीक्षा वेगळी. टॉप आणि हिग्ज एकत्र येताना प्रत्यक्ष पकडायचे, ते किती वेळा येतात ते मोजायचं, आणि त्यावरनं येणारं कपलिंग आणि मासवरचं कपलिंग जुळतंय का बघायचं. जुळलं तर हिग्जची गोष्ट खरी. मला बघायचं होतं की फुकट मिळालेल्या डेटात यातलं किती जमतं.

पहिल्यांदा टॉप. हा एकदम भारी दिसतो. टॉपची लाइफटाइम ५ गुणिले दहाचा उणे पंचविसावा घात सेकंद. क्वार्क सहसा एकटा सापडत नाही, जन्मल्या जन्मल्या दुसऱ्या क्वार्कांना धरून हॅड्रॉन बनवतो, पण त्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या आधीच टॉप डिके होऊन, म्हणजे फुटून, मोकळा. म्हणजे सहाच्या सहा क्वार्कांत उघडा बघायला मिळणारा हा एकच. डिकेची वाट पण एकच म्हणायची, जवळपास शंभर टक्के वेळा डब्ल्यू बोझॉन (वीक फोर्सचा वाहक कण) आणि बॉटम क्वार्क. पुढचं सगळं डब्ल्यूच्या हातात. तो ६७ टक्के वेळा क्वार्कची जोडी देतो, आणि इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ यांच्यात प्रत्येकी ११ टक्क्यांच्या आसपास, सोबत न्यूट्रिनो. एलएचसीत टॉप बहुतेक वेळा जोडीनं येतो, टॉप आणि अँटीटॉप, म्हणून दोन डब्ल्यू, म्हणून तीन प्रकारचे इव्हेंट, इव्हेंट म्हणजे एका टकरीची नोंद. दोन्ही डब्ल्यू क्वार्कमध्ये गेले तर ४६ टक्के, एक लेप्टॉनमध्ये एक क्वार्कमध्ये तर ४४ टक्के, आणि दोन्ही लेप्टॉनमध्ये तर उरलेले दहा-साडेदहा. पहिल्यात जेटच जेट (क्वार्कमधनं निघालेला कणांचा झोत म्हणजे जेट), नुसता कचरा मिसळतो. शेवटचा स्वच्छ पण आकडा कमी आणि दोन न्यूट्रिनो हातातनं निसटतात. मधला सगळ्यात कामाचा आणि नोटबुक त्यावरच बेतलंय.

नोटबुक म्हणजे ज्युपिटर नोटबुक, पायथनमध्ये, ब्राउझरमध्येच चालतं, आपल्या कॉम्प्युटरवर काही बसवलं नाही तरी चालतं. वर सूचना, खाली कोड, शिफ्ट-एंटर दाबत जायचं. टॉपच्या नोटबुकमधल्या अटी सांगतो, बघा किती विचार करून लावल्यात. नेमका एक लेप्टॉन पायजे, इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन. मिसिंग एनर्जी ३० जीईव्हीच्या वर, कारण न्यूट्रिनो डिटेक्टरमधनं सरळ निघून जातो आणि मागं ही तूट सोडतो. किमान चार जेट. आणि त्यातले किमान दोन बी-टॅग. बी-टॅगची भानगड मला स्वतःला लई आवडते. बॉटम क्वार्क असलेला हॅड्रॉन दीड पिकोसेकंद जगतो, तेवढ्यात प्रकाशाच्या जवळपासच्या वेगानं काही मिलिमीटर पुढं जातो आणि मग फुटतो, म्हणून त्याच्या तुकड्यांचे माग मुख्य टकरीच्या जागेपासनं न निघता जरा बाजूच्या एका बिंदूतनं निघतात, आणि सिलिकॉनचे थर ते काही मिलिमीटर पकडतात. प्रत्येक जेटला त्यावरनं एक स्कोअर दिलेला असतो. डेटात तो कॉलम आहे, पोरांनी स्वतः त्याची कट, म्हणजे किमान किती स्कोअर पायजे ती अट, वरखाली करून बघावी, मी करायला लावतोच. कट सैल केली की ग्राफमध्ये डब्ल्यू प्लस जेटचा कचरा भसाभसा शिरतो, आवळली की कचरा जातो पण खरे टॉप पण गळतात. फायदा-तोटा डोळ्यांसमोर.

मग तीन जेट निवडायचे, कारण क्वार्कमध्ये गेलेला टॉप म्हणजे बॉटमचा एक जेट आणि डब्ल्यूचे दोन. ज्यांचा मिळून ट्रान्सव्हर्स मोमेंटम (बीमला आडव्या दिशेतला) सगळ्यात जास्त ते तीन, आणि त्यांचं मिळून मास काढायचं. चार जेटमधनं तीन निवडायचे चार मार्ग, त्यातला बरोबर एकच, आणि ही युक्ती दरवेळी बरोबर तिघंच उचलते असं नाही. म्हणून ग्राफवर १७० च्या आसपास टोक येतं आणि दोन्ही बाजूंना लांब पसरलेली शेपटी. त्याच तिघांतले दोन घेऊन मास काढलं की ८० ला टोक, तो डब्ल्यू. आमच्या लॅबमध्ये कागलहून एसटीनं येणारी एक पोरगी आहे, तिचे वडील फाउंड्रीत कामाला. तिनं हा ग्राफ आला तेव्हा स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, सर हे काळे ठिपके खरे आहेत का सिम्युलेशन? काळे ठिपके म्हणजे खरा डेटा, रंगीत ढीग म्हणजे सिम्युलेशन. खरे आहेत म्हटल्यावर तिनं खुर्ची पुढं ओढली आणि प्रत्येक ठिपक्याची उभी रेघ म्हणजे एरर बार कुठं लहान कुठं मोठा ते टोकापासनं शेपटीपर्यंत एकेक बघत गेली, आणि शेपटीत रेघा मोठ्या का होतायत ते तिचं तिनंच सांगितलं, की तिथं इव्हेंट कमी आहेत म्हणून. स्टॅटिस्टिक्सचा धडा मी वर्गात घसा फोडून शिकवतो तो असा आपोआप झाला.

एक सूचना आत्ताच देतो. या सेटमध्ये मोमेंटम, एनर्जी सगळं एमईव्हीमध्ये आहे, जीईव्ही पायजे असेल तर हजारनं भागा. आणि सिम्युलेशनच्या प्रत्येक इव्हेंटला वेट असतं, क्रॉस सेक्शन (ती घटना घडायची शक्यता), लुमिनॉसिटी (एकूण किती टकरी झाल्या त्याचं माप), स्केल फॅक्टर सगळं त्यात गुणलेलं. पोरं स्वतः कोड लिहायला लागली की वेट विसरतात, मग रंगीत ढीग डेटाच्या कितीतरी वर जातो आणि सगळी घाबरतात. तसं झालं की आधी वेट बघा.

आता हिग्ज. दोन फोटॉनचं नोटबुक उघडा. दोन चांगले फोटॉन, त्यांचं मिळून मास, आणि खाली उतरत जाणाऱ्या बॅकग्राउंडवर १२५ जीईव्हीला एक लहानसा उंचवटा. ४ जुलै २०१२ ला सर्ननं जे जाहीर केलं त्यातला हा एक मुख्य चॅनल, म्हणजे हिग्ज फुटायची एक वाट. या १० इन्व्हर्स फेम्टोबार्नमध्ये तो एकट्याच्या जिवावर शोध जाहीर करण्याइतका ठळक नाही, पण दिसतो. आणि इथं मी पोरांना थांबवतो, कारण या उंचवट्यात टॉप बसलाय आणि तो कुणाला दिसत नाही. हिग्ज १२५ चा, दोन टॉप मिळून ३४५, म्हणजे हिग्ज फुटून टॉपची जोडी कधीच मिळणार नाही. हिग्जच्या डिकेची यादी बघा, बॉटमची जोडी ५८ टक्के, डब्ल्यूची जोडी २१, टाऊची ६ च्या वर, चार्मची ३ च्या आसपास, झेड बोझॉनची (डब्ल्यूचाच भाऊ, पण चार्ज नसलेला) जोडी २.६, फोटॉनची जोडी ०.२३ टक्के, म्युऑनची ०.०२. टॉप या यादीत नाहीच. सगळ्यात घट्ट जोडणी ज्याच्याशी, तोच यादीत नाही. पण हिग्ज तयार कसा होतो? दोन ग्लुऑन (क्वार्कांना बांधून ठेवणारे कण) येतात, ग्लुऑनला मास नाही म्हणून हिग्जशी त्याची सरळ जोडणी नाही, मधे टॉप क्वार्कचं एक वर्तुळ फिरतं, क्षणभर उधारीवर, आणि त्यातनं हिग्ज बाहेर पडतो. एलएचसीतले ८७ टक्के हिग्ज असेच येतात. आणि दोन फोटॉनमध्ये फुटताना परत तेच, फोटॉनला पण मास नाही, मधे डब्ल्यूचं वर्तुळ आणि टॉपचं वर्तुळ, दोघांचं चिन्ह उलटं म्हणून टॉप थोडं कमी करतो. म्हणजे आत येताना टॉप, बाहेर जाताना टॉप. टॉपचं युकावा कपलिंग अर्धं असतं तर तो उंचवटा जवळपास दिसलाच नसता. आपल्या कॉलेजच्या जुन्या पीसीवर ही गोष्ट दिसते, माझ्यासाठी याला पाचपैकी पाच.

मग अर्धा कुठं कापला? वर्तुळात फिरणारा टॉपच आहे हे आपण मानलेलं असतं. एखादा न सापडलेला जड कण पण त्यात फिरत असेल तर बाहेरनं कळणार नाही. म्हणून टॉप-अँटीटॉप आणि हिग्ज तिघंही एकाच टकरीत, खरे, बाहेर पडलेले असे पायजेत. याला टीटीएच म्हणतात, कपलिंग थेट मोजायचा मार्ग. मी पोरांना हे या डेटात शोधा म्हणून सांगितलं नाही, आधी हिशोब करा म्हटलं. हिशोब असा. १३ टीईव्हीला टॉप जोडीचं क्रॉस सेक्शन ८३० पिकोबार्नच्या आसपास (एक पिकोबार्न म्हणजे हजार फेम्टोबार्न), टीटीएचचं अर्धा पिकोबार्न. १० इन्व्हर्स फेम्टोबार्नमध्ये टॉपच्या जोड्या ८३ लाख, टीटीएच ५ हजार. सोळाशेला एक. ५ हजार ऐकून पोरं खूश झाली, मग मी म्हटलं आता स्वच्छ चॅनल घ्या, दोन फोटॉनवाला, ०.२३ टक्के. ५ हजाराचे उरले अकरा-बारा. त्यातले सगळे डिटेक्टरच्या पकडीत येत नाहीत, कट लागतात, फोटॉन नीट ओळखू येत नाहीत, शेवटी हातात मोजकेच. बरं, बॉटमवाला चॅनल घ्या, ५८ टक्के, जवळपास २९०० इव्हेंट. पण मग त्या इव्हेंटमध्ये बॉटमचे चार जेट होतात, दोन टॉपचे दोन हिग्जचे, आणि साध्या टॉप जोडीसोबत ग्लुऑनमधनं निघालेली बॉटमची जोडी अगदी असलीच दिसते आणि कितीतरी जास्त वेळा येते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत सगळ्याजणी एकाच रंगाच्या साडीत उभ्या असताना लांबनं आपली बहीण ओळखायची तसलं काम आहे हे.

तर टीटीएच या सेटमध्ये दिसणार नाही, स्पष्ट सांगतो, कुणी अपेक्षा ठेवून गेला तर निराश होईल. अर्धा मार्क त्याचा. पण हिशोब करून कळलं की का दिसणार नाही, आणि माझ्या मते या सगळ्या सर्व्हिसचा खरा फायदा तिथं आहे. सर्नच्या लोकांनी हे २०१८ ला केलं. एलएचसीवरचाच दुसरा डिटेक्टर सीएमएस, त्यानं ७, ८ आणि १३ टीईव्हीचा डेटा एकत्र करून एप्रिलमध्ये ५.२ सिग्मा दाखवला (सिग्मा म्हणजे निकाल नुसता योगायोग नाही याच्या खात्रीचं माप, पाचच्या वर गेलं की शोध मानतात), ॲटलसनं जूनमध्ये १३ टीईव्हीवर ५.८ आणि जुना डेटा धरून ६.३. काही चॅनलला ॲटलसनं ८० इन्व्हर्स फेम्टोबार्नपर्यंत डेटा वापरला होता, आपल्या हातातल्या सेटच्या आठपट, आणि तरी बॉटम, टाऊ, डब्ल्यू, झेड, फोटॉन असे सगळे चॅनल एकत्र जोडावे लागले. नुसत्या फोटॉनच्या चॅनलमध्ये पाच सिग्मा पार व्हायला २०२० उजाडलं, तेव्हा ॲटलस आणि सीएमएस प्रत्येकाकडं १४० च्या जवळपास इन्व्हर्स फेम्टोबार्न होते. ही सालं आणि आकडे आधी पण वाचले होते. पण स्वतः अकरा-बारा इव्हेंटचा हिशोब केल्यावर ५.२ सिग्मा या आकड्यामागं किती घाम आहे ते पोरांना समजलं. आणि मोजलेलं कपलिंग स्टँडर्ड मॉडेलच्या आकड्याशी जुळतं, मोजमापाच्या एरर बारच्या आत. म्हणजे त्या मासवरनं काढलेल्या ०.९९ ला दुसऱ्या बाजूनं पण आधार आहे.

जुळतं म्हणून विषय संपत नाही. कपलिंगचं चिन्ह प्लस का मायनस हे टीटीएचवरनं कळत नाही, कारण तिथं कपलिंगचा वर्ग येतो. त्यासाठी एकटा टॉप आणि हिग्ज असा इव्हेंट पायजे, तिथं हिग्ज टॉपमधनं पण निघू शकतो आणि डब्ल्यूमधनं पण, दोन्ही मार्ग एकमेकांना कापतात म्हणून तो फार दुर्मिळ, पण चिन्ह उलटं असतं तर तोच कितीतरी जास्त वेळा आला असता. चार टॉप एकदम येण्याची घटना पण आहे, २०२३ ला दोन्ही डिटेक्टरांनी पाहिली, तिचं क्रॉस सेक्शन थिअरीप्रमाणे फक्त १२ फेम्टोबार्नच्या घरात, आणि तिच्यात टॉप-टॉपमध्ये हिग्जची देवाणघेवाण होते म्हणून तिच्यावरनं पण युकावाला लगाम बसतो. आणि सगळ्यात जास्त चर्चा आमच्याकडं झाली ती व्हॅक्यूमवर. टॉपचं कपलिंग एवढं मोठं आहे की एनर्जी वाढवत नेली तर ते हिग्जचं सेल्फ कपलिंग, म्हणजे हिग्जची स्वतःशीच असलेली जोडणी, खाली ओढत नेतं, आणि आत्ताचे मास घालून गणित पुढं ताणलं तर विश्वाची आत्ताची अवस्था पक्की स्थिर येत नाही, मेटास्टेबल येते, म्हणजे आत्ता टिकलेली पण कधीतरी ढळू शकेल अशी. टिकण्याचा काळ विश्वाच्या वयापेक्षा प्रचंड मोठा येतो, त्यामुळं काळजीचं काही नाही. पण टॉपचं मास एक-दोन जीईव्ही इकडंतिकडं झालं की निकाल बदलतो. एवढी मोठी गोष्ट, आणि ती तीन जेटच्या त्या ग्राफच्या टोकाशी बांधलेली. टोक नेमकं कुठं आहे ते एवढ्या जीव तोडून का मोजतात हे त्या दिवशी कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

स्पिनचं पण सांगायला पायजे. टॉप हॅड्रॉन बनायच्या आधी फुटतो म्हणून त्याचा स्पिन बिघडत नाही, जसाच्या तसा डिकेतल्या लेप्टॉनच्या दिशेत उतरतो. त्यामुळं दोन लेप्टॉनच्या दिशांमधला कोन बघून टॉप जोडीचे स्पिन एकमेकांशी बांधलेले आहेत का ते कळतं. ॲटलसनं २०२३ मध्ये असं दाखवलं की जोडी जेमतेम तयार होते त्या एनर्जीला हे दोघं क्वांटम एंटँगल्ड असतात, म्हणजे एकाला सोडून दुसऱ्याच्या स्पिनचं वेगळं वर्णनच करता येत नाही. दोन लेप्टॉनवाला सेट इथं आहे, कोनाचा ग्राफ स्वतः काढता येतो. एंटँगलमेंट सिद्ध करायला बरंच जास्त लागतं, पण कोन काढून बघायला काही हरकत नाही.

सुधारायला काय हवं ते पण लिहितो. सगळं इंग्रजीत. मी बाजूला उभा राहून मराठीत सांगत होतो म्हणून चाललं, एकट्या पोरानं घरी बसून केलं तर पहिल्या पानावरच अडखळेल, फिजिक्समुळं नाही तर भाषेमुळं. मराठीत कुणी दहा पानांची गाइड लिहिली तर फार मोठं काम होईल, माझी स्वतःची तयारी आहे. दुसरं, सिस्टिमॅटिक अनसर्टंटी (मोजायच्या पद्धतीमुळं आणि उपकरणामुळं येणारी अनिश्चितता) मोजक्याच दिल्यात, म्हणून इथनं काढलेल्या आकड्याला कुणी पेपरातल्या मापाचा दर्जा देऊ नये. त्यांनी स्वतःच हा सेट शिक्षणासाठी आहे म्हणून सांगितलंय. तिसरं, सेटच्या आवृत्त्या वेगवेगळ्या आहेत, ८ टीईव्हीचा जुना, १३ चा २०२० चा, आणि २०२४ ला आलेला रिसर्चचा. नेटवर सापडलेला कोड कुठल्या सेटसाठी आहे ते आधी बघून घ्या.

इंटरनेटबद्दल बोलायलाच पायजे, कारण इथं तेच नडतं. लॅबमधलं कनेक्शन दुपारी रडत होतं आणि ऑनलाइन सेशनला बराच वेळ हात लावला नाही तर ते बंद होऊन सगळं पहिल्यापासनं. नोटबुकमध्ये वर फ्रॅक्शन नावाचं एक व्हेरिएबल असतं, एक म्हणजे सगळा डेटा. ते आधी ०.१ किंवा त्याहून कमी ठेवा, सगळं नीट चालतंय बघा आणि मगच वाढवा. आम्ही फाइली एकदा रात्री उतरवून पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि प्रत्येक पीसीवर टाकल्या, त्यानंतर नेटचा प्रश्नच संपला. लाईट जाते, तेव्हा लॅपटॉपवाल्यांनी चार्ज करून यावं. मोबाइलवर हे करायला जाऊ नका, डोळे जातील. मोबाइलच असेल तर हिस्टोग्राम ॲनालायझर म्हणून त्यांचंच एक पान आहे, बोटानं सरकवून कट लावायच्या आणि सिग्नल-बॅकग्राउंड कसं बदलतं ते बघायचं, कोड नाही. बारावीच्या पोरांना तिथनं सुरुवात करून द्या.

आपल्या लोकांना आणखी एका कारणानं हे जवळचं वाटावं. टीआयएफआर आणि बीएआरसीचे लोक सीएमएसमध्ये सुरुवातीपासनं आहेत, २०१७ पासनं भारत सर्नचा असोसिएट मेंबर आहे, आणि एलएचसीचे अजस्र मॅग्नेट ज्या प्रिसिजन जॅकवर टेकवून जागेवर आणलेत ते जॅक भारतातनं गेलेत. उद्यमनगर, शिरोलीत ज्यांच्या घरात कुणी मशीन शॉपमध्ये आहे त्या पोरांना ही गोष्ट सांगितली की ती जॅकबद्दलच विचारत बसतात, किती टन घेतो, किती मायक्रॉनला सेट होतो. विचारू द्या, ती पण फिजिक्सचीच वाट आहे.

कुणी घ्यावं? बीएस्सी, एमएस्सीवाल्यांनी नक्की. इंजिनिअरिंगच्या ज्या पोरांना डेटा सायन्स शिकायचंय त्यांनी पण, कारण ठरलेल्या साच्यातल्या खोट्या डेटापेक्षा इथला खरा गोंधळ हाताळलेला कधीही चांगला. पायथन अजिबात येत नसेल तर आधी थोडी लूप, लिस्ट, फंक्शन करून या. क्रम माझ्या मते असा ठेवा की पहिल्यांदा झेडचं नोटबुक, दोन लेप्टॉन आणि ९१ ला सरळ टोक, हात बसतो. मग टॉप, मग दोन फोटॉन, आणि मग वहीवर टीटीएचचा हिशोब. हिशोब वहीवरच करा, कॉम्प्युटरवर नको.

२०२४ चा रिसर्च सेट ६५ टेराबाइट आहे, २०१५ आणि २०१६ चा डेटा, सिम्युलेशनसकट. आमच्या लॅबच्या आवाक्यातली गोष्ट नाही ती, पण त्यातला तुकडा घेऊन कुणी टॉपच्या बाजूनं काही केलं असेल, कोल्हापूर, सांगली, सातारा कुठंही, तर सिलेक्शन कसं लावलं आणि स्टोरेजची सोय कशी केली ते जरूर सांगा. पुढच्या टर्मला आम्हाला चार बॉटम जेटवाले इव्हेंट वेगळे काढून बघायचेत.